बोली माईचा ठसा

जगातली पहिली भाषा कोणती, या प्रश्नाचं उत्तर आमच्या विभागात दर मंगळवारी मिळत असे. मंगळवार हा सरांचा भेटीचा वार. त्या दिवशी अकरा वाजल्यापासून बाहेरच्या बाकावर माणसं वह्या, पिशव्या आणि फडक्यात गुंडाळलेले दगड घेऊन बसायची, आणि संध्याकाळपर्यंत मानवजातीची आद्य भाषा दोन-तीनदा तरी सापडायची. बुधवारी ती पुन्हा हरवायची.

मी त्या विभागात एकतीस वर्षं ठसे काढले. काशीतल्या एका विद्यापीठात प्राचीन लेखांचा विभाग, तिथं मी तांत्रिक सहायक. कागदोपत्री असं भारदस्त नाव असलं तरी अख्खं ऑफिस मला 'छापेवाले बाबूजी' म्हणायचं. रामघाटच्या आमच्या गल्लीत मराठी वेदपाठी आणि भिक्षुक मंडळींची घरं. तिथं एखाद्यानं सरकारी पगारावर दगडाला ओला कागद चिकटवण्याचं काम धरलं, याची कीव करणारे पुष्कळ होते. माझे वडील त्यात पहिले.

काम काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढची फजिती समजायला सोपी जाईल. जुना कोरीव लेख दगडावर असतो आणि दगड असतो कुठल्यातरी विहिरीत, गोठ्यात नाहीतर कुणाच्या न्हाणीघरात. विद्वान माणूस तिथवर जात नाही. त्याच्या टेबलावर लेख नेऊन द्यायचा तो आम्ही. दगड पाण्यानं स्वच्छ धुवायचा, त्यावर ओला कागद पसरायचा आणि जाड केसांच्या ब्रशनं तो असा ठोकायचा की प्रत्येक खोबणीत उतरला पाहिजे. मग कागद किंचित सुकला की शाईत बुडवलेला कापडी बोळा वरून हलका हलका थापायचा. उंच भाग काळा होतो, कोरलेला भाग पांढरा राहतो. वाळल्यावर कागद सोडवला की दगडावरचं सगळं कागदावर आलेलं असतं. हा ठसा. त्यावर विद्वान वीस-वीस वर्षं भांडतात आणि दगड मात्र कुणी बघायला जात नाही. सगळी मदार ठसा काढणाऱ्याच्या मनगटावर आणि दानतीवर. मनगट माझं चांगलं होतं.

मंगळवारची मंडळी फार प्रेमळ. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड होते, त्यांनी सिद्ध केलं होतं की सगळ्या भाषा भोजपुरीतून निघाल्या. पुरावा म्हणून ते स्वतः भोजपुरी बोलून दाखवायचे. एकदा महाराष्ट्रातून एक गृहस्थ वडिलांच्या अस्थी घेऊन आले. मणिकर्णिकेवर विधी उरकून, ओल्या धोतरानिशी, थेट आमच्या बाकावर. इंग्रजी ही मराठीची मुलगी आहे हे सांगणारी चारशे पानं त्यांनी अस्थींच्याच पिशवीतून आणली होती. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना वाटलं, झालं, आता विद्यापीठ आपल्या खिशात! मी त्यांना चहा पाजला आणि म्हटलं, "मुलगी सासरी सुखी आहे, आता तिला माहेरी कशाला ओढता?" ते रागावून गेले. वही मात्र विसरून गेले, मुद्दाम. अजून माझ्याकडे आहे.

आणखी एक वकील यायचे. एका जुन्या राजाची गोष्ट सांगतात, की त्यानं काही तान्ही मुलं कुणाचाही शब्द कानी न पडू देता वाढवली. ती आपणहून जी भाषा बोलतील ती देवाची भाषा, असा हिशेब. मुलं अर्थातच मुकी निघाली. वकीलसाहेबांना हा प्रयोग नव्यानं, शास्त्रशुद्ध पद्धतीनं करायचा होता आणि त्यासाठी नात द्यायला ते तयार होते. दुसऱ्या खेपेला त्यांच्या सूनबाई सोबत आल्या. त्यानंतर वकीलसाहेब आले नाहीत.

थट्टा करतो, पण त्यांच्या मागचा प्रश्न खोटा नाही. माणूस बोलायला कधी लागला? कुणाला ठाऊक नाही. जीभ मातीत टिकत नाही, आवाज तर त्याहून नाही. खोदल्यावर कवटी सापडते, दात सापडतात, नशीब असेल तर गळ्यातलं एखादं नाजूक हाड सापडतं. तो माणूस काय बोलत होता ते सापडत नाही. लिहिणं म्हणजे अगदी कालपरवाचं, पाचेक हजार वर्षांचं. बोलणं त्याच्या कितीतरी पट जुनं. आजच्या भाषा एकमेकींशेजारी ठेवून, बहिणी-बहिणींची नाकं जुळवावीत तसं जुळवत काही हजार वर्षं मागं जाता येतं. त्यापलीकडं धुकं. आमच्याकडे सारनाथच्या स्तंभावरचा ब्राह्मी लेख आहे, तो लख्ख वाचता येतो. सिंधू खोऱ्यातल्या मुद्रा आहेत, त्या अजून कुणाला सर्वमान्य होईल अशा वाचता आलेल्या नाहीत. मंगळवारच्या बाकावरच्या प्रत्येकाला मात्र येत होत्या. आमचा शास्त्रीय माल एवढाच. बाकी सगळं उचलली जीभ लावली टाळ्याला.

तर अशा खात्यात मी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या जिभांना हसलो. माझ्या हातानं काय केलं ते आता सांगतो.

माझी बायको लवकर गेली. मूलबाळ नाही. तेव्हापासून मी दुपारचा सुलभाच्या खानावळीत जेवतो. सुलभा आमच्याच गल्लीतली. नवरा बँकेत होता, तो अचानक वारला आणि नोकरी काही हिला मिळाली नाही. मग तिनं भाड्याच्या दोन खोल्या आणि अंगण यावर खानावळ सुरू केली. महाराष्ट्रातून श्राद्धपक्षाला, अस्थिविसर्जनाला येणारी माणसं तिच्याकडे जेवतात. काशीत येऊन तीन दिवस पुरी-कचोरी खाल्लेल्या माणसाला तिथं आमटीभात मिळतो आणि तो रडायचाच बाकी राहतो. ती मला अण्णा म्हणायची. पहिल्या दिवसापासून माझं ताट वेगळं काढून ठेवायची, कारण मला लसूण चालत नाही.

तिच्या अंगणात नळाशेजारी भिंतीत एक दगड होता. त्याच्याखाली भांडी घासायची जागा. रोज हात धुताना तो माझ्या डोळ्यांसमोर यायचा. वर एक वर्तुळ, शेजारी चंद्रकोर, खाली झिजलेल्या चार ओळी, आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, वर्तुळ आणि कोर दोन्हींना कापत गेलेली एक तिरकी भेग. आमच्या धंद्यातला शिकाऊ पोरसुद्धा सांगेल की हा दानाचा दगड आहे. दान दिलं की वर सूर्य-चंद्र कोरायचे, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत ते चालावं. असे दगड गावोगाव आहेत. एकदा विभागात चहा पिताना मी सहज म्हणालो, "जिथं जेवतो तिथंही सरकारी काम पाठ सोडत नाही, हात धुवायला गेलं की समोर शिलालेख." बस्स. सर दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आले.

सर म्हणजे विभागप्रमुख. विद्वान माणूस, यात शंका नाही. आयुष्यभर मंगळवारच्या लोकांना त्यांनी पुराव्याअभावी परत पाठवलं होतं. पण निवृत्ती दोन वर्षांवर आली आणि त्यांना स्वतःला मंगळवार लागला. दगडापुढं उकिडवे बसून ते बराच वेळ बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "यह मुख है।" वर्तुळावर बोट. मग कोरीवर बोट. "और यह कान। एक बोल रहा है, दूसरा सुन रहा है।"

मी म्हटलं, "सर, सूरज-चाँद है। नीचे नागरी में लेख भी है।"

"नीचे का बाद में जोड़ा गया है," सर म्हणाले. आमच्या शास्त्रात नको असलेला पुरावा नेहमी बाद में जोडलेला असतो. "आप ऊपर-ऊपर का छापा लीजिए। और यह जो रेखा मुख से कान तक जा रही है, यह साफ आनी चाहिए।"

ती रेखा म्हणजे भेग. तोंडातून निघून कानापर्यंत पोहोचलेला मानवाचा पहिला शब्द.

जून महिना होता, कागद भराभर वाळत होता, आणि सर माझ्या मानेवर श्वास टाकत उभे होते. "बाबूजी, आपका हाथ तो बोलता है," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मी कागद ठोकला. भेग कागदावर आली तशी पूर्ण आली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आणि मग मी बोळा उचलला, वर्तुळाच्या अलीकडचा तुकडा शाईनं बुजवला, कोरीच्या पलीकडचा तुकडा शाईनं बुजवला, वर्तुळाच्या आणि कोरीच्या पोटातला तर अगदी निगुतीनं बुजवला. मधली वीतभर रेघ तेवढी पांढरी ठेवली. दोन मिनिटांचं काम. इतकं सुबक काम मी त्याआधी केलं नव्हतं, हे सांगताना लाज वाटते आणि खरं म्हणजे थोडा अभिमानही वाटतो, आणि त्याची आणखी लाज वाटते.

सरांची पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर माझा ठसा, आणि आत पहिल्या पानावर चक्क माझं नाव. हजारो ठसे काढले, कुठं नाव आलं नाही. स्वयंपाक्याचं नाव कुणी पंगतीत पुकारत नाही. ते पान मी कापून काचेत लावलं. शाल मिळाली, नारळ मिळाला, विभागाच्या भिंतीवर फोटो लागला. सभेत सर म्हणाले की माणूस प्रथम काशीत बोलला याचं हे चित्र आहे, लिपीच्याही आधीचं. टाळ्या पडल्या. काशीच्या लोकांना यात नवल वाटलं नाही. त्यांना एवढंच आश्चर्य वाटलं, की हे सिद्ध करायला दगड कशाला लागला?

कुणी दगड बघायला आलं असतं तर पाच मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं. विद्वान कुणी आलं नाही. त्यांना ठसा पुरतो. भक्त मात्र आले.

पहिल्यांदा कुणीतरी उदबत्ती लावली. मग कुणी शेंदूर लावला. दगडाला शेंदूर फासला की आपल्याकडे पुढचं आपोआप होतं. वर्षभरात तिचं नाव 'बोली माई' पडलं. बोबडी पोरं यायची, तोतरी माणसं यायची, मुलाखतीला निघालेले उमेदवार यायचे, निवडणुकीला उभं राहणारे यायचे. वकील तर रांगेनं यायचे. एक बाई तीन वर्षांची न बोलणारी मुलगी घेऊन दर गुरुवारी येत होती. मी तिला बाजूला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं तर समितीनं नेमलेला पुजारी माझ्यावर खवळला. हो, समितीही झाली होती. तिचे अध्यक्षजी बांधकामातले कंत्राटदार. तोंडात सदा पान, त्यामुळे आद्य वाणीविषयी ते जे काही बोलत ते कुणालाच कळत नसे, आणि म्हणून कुणी विरोधही करत नसे.

सुलभाची भांडी घासायची जागा पहिल्यांदा गेली. "माई के सामने जूठे बर्तन?" मग चूल गेली, कारण धूर. स्वयंपाक ती आतल्या खोलीत करू लागली, माणसं उंबऱ्यात बसून जेवू लागली. यात्रेकरू कमी झाले. मी मात्र रोज जात होतो. माझं ताट ती बाजूला काढून ठेवतच होती.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तिनं मला एक कागद दाखवला. घरमालक इंदूरला असतो. त्यानं जागा समितीला दान दिली होती. दिवाळी झाली की पायाभरणी, आदिवाणी स्मारक, संगमरवरी. सुलभानं महिनाअखेर जागा सोडायची.

"अण्णा, मी कुठं जाऊ?" ती म्हणाली. "पंधरा वर्षं झाली इथं चौका लावून. यात्रेकरूंना हीच गल्ली माहीत आहे, हाच दरवाजा. दुसरीकडे दुकान टाकलं तर मला कोण शोधत येणार? तुम्ही तर युनिव्हर्सिटीत होतात. तुमचंच नाव आहे ना त्या किताबमध्ये? काहीतरी करा ना."

माझ्या हातात कोशिंबिरीची वाटी होती. मी ती खाली ठेवली. खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "त्या जुन्या ठशात जरा चूक आहे. नवा काढला तर कळेल सगळ्यांना."

"चूक कुणाची?"

"कागदाची," मी म्हणालो.

त्याच दुपारी मी सरांना फोन केला. ते मुलाकडे बंगळूरला असतात. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "बाबूजी, भाषा की उत्पत्ति का प्रमाण आज तक किसको मिला है? किसी को नहीं। फिर हमारा गलत है, यह भी कौन सिद्ध करेगा?" मी म्हटलं, "सर, मी करीन." मराठीत म्हटलं. त्यांना कळलं नसावं, किंवा कळलंही असेल. त्यांनी फोन ठेवला.

आता अडचण अशी की दगडावर बोटभर जाड शेंदूर. नवा ठसा काढायचा तर तो खरवडायला हवा, आणि काशीत माईच्या अंगाला खरवडणी लावणाऱ्याची हाडं गंगेत जायला मुहूर्त लागत नाही. मी हे सुलभाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "नरकचतुर्दशी कधी आहे?"

"परवाच."

"मग झालं की. देवीला अभ्यंग नको? खरवडायचं कशाला, न्हाऊ घालू या."

मी एकतीस वर्षं दगड धुतले, पण हे मला सुचलं नसतं. शेंदूर तेलात कालवलेला असतो. त्याला तेलच ढिलं करतं.

नरकचतुर्दशीला पहाटे आम्ही मराठी माणसं तेल-उटणं लावून न्हातो, हे इथल्या लोकांना माहीत नाही. त्यांची त्या दिवशी वेगळी गडबड असते. त्यामुळे पहाटे पाचला गल्लीतल्या सात-आठ बायका तांब्याची भांडी, तेलाच्या वाट्या आणि उटणं घेऊन जमलेल्या पाहून पुजारी गोंधळला. "ई का होत बा?" त्यानं विचारलं.

सुलभा पदर खोचून उभी होती. "पंडितजी, हमारे यहाँ आज के दिन घर के देवता को तेल-उबटन से नहलाते हैं। जो आज सूरज निकलने से पहले न नहाए, वह सीधे नरक में जाता है। आपको माई को नरक में भेजना है क्या?"

पुजाऱ्याला हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही असं काशीत कुणी कबूल करत नाही. "हाँ हाँ, विधान तो है," तो म्हणाला आणि बाजूला झाला. वर अध्यक्षजींना फोन करून त्यानं बोलावून घेतलं, म्हणजे फोटो निघेल.

बायकांनी तेल चोळलं. भरपूर चोळलं. गरम पाणी ओतलं. शेंदराचे पापुद्रे सुटू लागले आणि पुजारी "अरे अरे" करू लागला तेव्हा गल्लीतल्या दामलेकाकू ठसक्यात म्हणाल्या, "घबराइए मत, माई कवच छोड़ रही हैं। हमारे उधर तो इसको भाग्य मानते हैं।" ते खोटंही नव्हतं. मग सुलभानं रिठ्याचं पाणी घेतलं आणि धुण्याचा सोडा घेतला, कारण तेलकट दगडावर कागद धरत नाही हे मी तिला सांगून ठेवलं होतं. नारळाच्या शेंडीनं तिनं माई अशी घासली की पूर्वी त्या जागी घासलेली सगळी पातेली मला आठवली. उजाडलं तेव्हा दगड कोरा, स्वच्छ उभा होता.

मी कागद लावला. ब्रशनं खोबणीखोबणीत ठोकला. अध्यक्षजी आले, त्यांच्याबरोबर दहा-बारा माणसं. त्यांना वाटलं हाही विधीचाच भाग. कुणीतरी हात जोडले. मी वरपासून खालपर्यंत पूर्ण दगड घेतला, चारही ओळी. बोळा सगळीकडे सारखा थापला, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. वाळल्यावर ठसा सोडवला आणि सुलभाच्या कपड्यांच्या दोरीवर दोन चिमटे लावून टांगला.

सूर्य. चंद्र. दोन्हींना चिरत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलेली भेग. खाली नागरीत चार ओळी. झिजलेल्या, पण शाळेतल्या मुलानं वाचाव्या अशा. कुणा सावकारानं इथं विहीर बांधली, पाणी सर्वांस मोकळं आहे, कुणी कुणाला अडवू नये. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं असेल. गल्लीतल्या एका मुलीनं मोठ्यानं वाचूनही दाखवलं. मानवाच्या पहिल्या शब्दाच्या जागी पाण्याची पाटी निघाली.

अध्यक्षजींनी पान थुंकलं. पहिल्यांदाच त्यांचे शब्द मला स्पष्ट ऐकू आले. "लेकिन किताब वाले छापे में तो यह दरार आर-पार नहीं थी।"

सगळे माझ्याकडे बघत होते. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की पुरावा दाखवा. आता पुरावा दोरीवर वाळत होता.

"थी," मी म्हटलं. "मैंने छिपाई थी। अपने हाथ से। स्याही लगाकर।"

"अरे बाबूजी, उमर हो गई है आपकी, भूल रहे हैं," अध्यक्षजी समजुतीनं म्हणाले. ती मला निसटायची शेवटची संधी होती, आणि मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही.

"भूला नहीं हूँ। रोज याद आता है," मी म्हटलं.

तोवर चार जणांनी मोबाइलवर फोटो घेतले होते. दुपारपर्यंत ठसा सगळ्या शहरात फिरला. संध्याकाळी इंदूरच्या मालकाला कळलं की आपण आद्य वाणी नव्हे, एक बुजलेली विहीर दान केली आहे, आणि त्यानं दान परत घेतलं. पायाभरणी झाली नाही. समिती मोडली म्हणावं तर तसंही नाही. ती आता पंचगंगा घाटाकडे सरकली आहे. तिथं एका माणसाला स्वप्नात दिसलं की माणूस पहिल्यांदा त्या पायऱ्यांवर बोलला. तिथं दगडच नाही, त्यामुळे ठसा काढायची सोयच नाही. माझ्या मते हा पुरावा पहिल्यापेक्षा भक्कम आहे. विभागातल्या भिंतीवरून माझा फोटो उतरवला. काचेतलं ते पान मी स्वतःच काढून फाडलं. सुलभाची चूल अंगणात परत आली, भांडी नळाखाली आली, यात्रेकरू परत आले.

त्या सकाळी माणसं पांगल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. हाताला शेंदूर आणि सोडा. मला वाटलं ती आभार मानेल. माणूस किती निर्लज्ज असतो बघा.

"कागदाची चूक म्हणालात," ती म्हणाली.

मी दोरीवरचे चिमटे काढू लागलो.

"माझी भांडी हलवली तेव्हा तुम्हाला माहीत होतं. चूल हलवली तेव्हा माहीत होतं. पाच वर्षं रोज इथं बसून जेवलात अण्णा. लसूण न घातलेलं."

खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात. मी तर वाशांना वाळवी लावली आणि वर आमटी मागून घेतली. हे तेव्हा तिला म्हणायला हवं होतं. क्षमा मागायला हवी होती, दोन शब्दांची. मराठीत, हिंदीत, कुठल्याही भाषेत. जगातल्या सगळ्या भाषांच्या उगमावर मी तासभर बोलू शकतो. त्या वेळी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. ती भांडी आवरायला गेली.

त्याला आता वर्ष होत आलं. मी अजून तिच्याकडेच जेवतो. चार दिवस गेलो नाही तर तिनं निरोप पाठवला, म्हणून गेलो. ताट वेगळं काढलेलं असतं, लसूण नसतो, आमटी गरम असते. यात्रेकरूंशी ती मराठीत गप्पा मारते, शेजारणींशी मराठीत भांडते. आमच्या गल्लीत मराठी ही घरातल्या माणसांची भाषा. नाववाला, भाजीवाला, पोस्टमन, पुजारी यांच्याशी हिंदी. मी जेवत असतो, ती रोटीची टोपली घेऊन माझ्यापाशी येते.

"और दूँ, बाबूजी?" ती विचारते.

"नको," मी मराठीत म्हणतो.